पाझर तलावावर दमलेले देव

एसटीनं केडगाव सोडलं आणि मामांनी माझ्याकडून वचन घेतलं, आज कुणाची नक्कल करायची नाही. मामा नगरला धर्मशिक्षक. दुष्काळी कामांवर जेवणाच्या सुट्टीत बायबल वाचून दाखवतात. मी सोबत पेटी वाजवायला.

सुप्यापुढं हिरवं असं काही दिसेना. पारनेरला उतरून दोन मैल चाललो. पाझर तलावाचं (पाणी मुरवायला घालतात तो मातीचा बांध) काम चालू होतं. तिथं माणूस दिसायच्या आधी आवाज ऐकू आला.

"ए मार्था, ऊठ. बसायला काय म्हायेरी आलीस व्हय?"

आवाज कामावरच्या राहेलबाईंचा, मागच्या खेपेपासून ओळखीचा. मार्था त्यांची सून, दिवस भरत आलेले. ती टेकली होती ती उठली आणि मातीचं घमेलं डोक्यावर घेतलं.

मामा म्हणाले, "बाई, तिला जरा बसू द्या."

"आमी न्हाई का राबलो? मानसाचा जलम राबायलाच हाय. द्येवानंच तसं घडवलंय."



दुपारी मिलोच्या (सरकारी लाल ज्वारी) भाकऱ्या सुटल्या. चवीचं विचारू नका, ठेचा होता म्हणून खाली गेल्या. मामांनी बायबलातल्या 'उत्पत्ती'चा पहिला अध्याय, देवानं सृष्टी घडवली तो, वाचला आणि म्हणाले, "हे ज्यांनी लिहिलं त्यांच्या शेजारी, दोन नद्यांच्या मुलखात, निराळीच गोष्ट सांगायचे. तिथले देव कालवे खणून दमले. संपावर गेले. मग माती कालवून माणूस केला आणि कुदळ त्याच्या हातात दिली."

"म्हंजी द्येवबी दुष्काळी कामावर हुते," एक म्हातारा म्हणाला.

मामा पाणी प्यायला थांबले. मी वचन पाळणारच होतो. पण दमलेला देव डोळ्यांपुढं आला आणि मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

"ए मानसा, ऊठ. बसायला काय म्हायेरी आलास व्हय? तुजा जलम राबायलाच हाय."

सगळे हसले. मग सगळे एकीकडंच बघायला लागले. तेव्हा मला कळलं, मी कुणाचा आवाज काढलाय. मार्थानं पदर तोंडावर घेतला.

राहेलबाईंचा घास हातातच राहिला. "मास्तर, त्यो शेजाऱ्यांचा द्येव झाला. आपल्या पुस्तकातला काय म्हनतो?"

"आपला सहा दिवस स्वतः काम करतो. माणूस आपल्याच रूपाचा घडवतो आणि सातव्या दिवशी विसावा घेतो."

"सोता बसला?"

"बसला."

"अन् बाईबी त्याच्याच रूपाची?"

"बाईपण. तसंच लिहिलंय."

सुट्टी संपल्याची शिट्टी झाली. मार्था उठायला लागली. राहेलबाईंनी तिच्या हातातलं घमेलं ओढून घेतलं.

"बस."

"आत्याबाई, मुकादम बोलंल."

"दोघींच्या खेपा मी टाकते. बस म्हनलं ना."

परतीच्या एसटीत सुपं मागं पडलं. मामा म्हणाले, "वचनाचं काय झालं?" "मोडलं," मी म्हणालो. सृष्टीची गोष्ट म्हणजे आकाश, समुद्र, तारे, एवढंच मला शाळेपासून पाठ. कुणी बसायचं आणि कुणी राबायचं हेही तिच्यात आहे, हे बांधावर कळलं.

राहेलबाईंचं "ऊठ" मला पहिल्या झटक्यात जमलं होतं. घरी आल्यावर "बस" किती वेळा काढून बघितलं. आवाज तोच, ठसकाही तोच. पण जमत नाही.