कुंकू लावलेले चाक

श्रीरेणुकामातेच्या चरणी साष्टांग नमन करून, आज विजयादशमीच्या दिवशी — वाहनांची आणि अवजारांची पूजा होते त्या या दिवशी — आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगतो आहे. पत्नीला नाही, आणि या गोष्टीचे फळ ज्याने भोगले त्या धाकट्या भावालाही नाही.

भोकरदनात माझ्या शब्दाला मान आहे. आयुष्यभर संस्कृत शिकवले. मुहूर्त असो, सुतक असो, शंका आली की लोक माझ्याकडे येतात. मी सांगतो ते कोणी पडताळून पाहत नाही. या मानाचा इथे उल्लेख एवढ्यासाठीच, की मी त्याच्याच आड लपलो.

निवृत्तीनंतर मी जुनी, गोल दिव्यांची एक मोटार घेतली. माझ्या पत्नीचे, सुमतीचे, गुडघे दुखत. आत बसताना पाय उचलवत नसे. म्हणून मूळची चाके काढून लहान चाके बसवली. गाडी ठेंगणी झाली, ती सुखाने बसू लागली. पुढे जुने ब्रेक उतारावर दगा देऊ लागले, तेव्हा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले — आणि अडचण उभी राहिली. डिस्क आवळून धरणारा कॅलिपर लहान चाकाच्या पोटात मावेना. चाक फिरवले की रिम त्याला घासे.

दसरा तोंडावर आला होता, आणि त्याच दिवशी पूजा करून गाडी बाहेर काढायची होती. वसंता, माझा धाकटा भाऊ, चारचौघांत म्हणाला, "दादा, हे बराबर न्हाई. जुनी मोठी चाकं लावा, न्हाई तर लहान कॅलिपर येऊ द्या. दसरा काय पळून चाल्लाय?"

"दसरा नाही, मुहूर्त पळतो."

"मुहूर्त तर तुम्हीच काढता. जरा पुढचा काढा की!"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते लागले — का लागावे? खरे होते म्हणूनच ना?

तो गेल्यावर मी एकट्याने गाडी जॅकवर उचलली. चाक थोडे बाहेर यावे म्हणून त्याच्या मागे लोखंडाच्या जाड चकत्या घातल्या. चाक मोकळे फिरले! किती हरखलो मी! मात्र चाक बाहेर सरकल्यामुळे नटांना धरायला आटे थोडेच उरले होते. ते मला दिसले. होय — स्पष्ट दिसले. तरी मी नट झाकणारे टोपण चाकावर बसवले, आणि "जमले" एवढेच सर्वांना सांगितले.

त्या वर्षीच्या दसऱ्याला चाकांना हळदकुंकू लावले, लिंबे ठेवली, आरती झाली. देवीच्या दर्शनाला पिंपळगाव रेणुकाईस निघायचे होते; गाडी वसंता चालवणार होता. वसंता पाना घेऊन वाकला. "नट एकदा आवळून घेतो, मंग निघू."

टोपण निघाले असते तर नटांतले तोकडे आटे दिसले असते, आणि चकत्यांचे बिंग फुटले असते. मी म्हणालो — त्याच आवाजात, ज्या आवाजात मी मंत्र म्हणतो — "पूजा झालेल्या चाकाला त्या दिवशी पाना लावणे शास्त्राने निषिद्ध मानले आहे."

असे कोणत्याही शास्त्रात नाही. त्या क्षणी मी ते रचले. वसंताने पाना खाली ठेवला, आणि चाकाला हात जोडले.

पिंपळगावच्या अलीकडे, वळणावर, पुढचे डावे चाक निघाले. गाडी कपाशीत घुसली. सुमतीला आणि मला खरचटलेही नाही. वसंताचे मनगट मोडले. शेतातली माणसे धावून आली, त्याला बाहेर काढू लागली. आणि मी? मी मातीतून चकत्या वेचून खिशात घालत होतो.

"वसंतराव, जरा हळू न्हाई का चालवायची?" कोणीतरी म्हणाले.

मी शेवटची चकती खिशात सरकवली. वसंताच कण्हत म्हणाला, "माझंच लक्ष नव्हतं, दादा. देवीनं वाचवलं." चकत्या मी विहिरीत टाकल्या. त्याचे मनगट अजून नीट वळत नाही. त्याने पुन्हा स्टिअरिंग धरले नाही. घरातली लहान मुलेसुद्धा "काकांची गाडी शेतात" म्हणून त्याला चिडवतात, आणि तो त्यांच्याबरोबर हसतो.

मग आजच का? आज सकाळी पूजेनंतर शेजारची सून स्कूटर काढत होती. मागचे चाक डगमगत होते. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आवळा की जल्दी!" तो म्हणाला, "आज न्हाई जमत. गुरुजींनीच सांगितलंय, पूजेच्या चाकाला पाना न्हाई लावायचा."

माझे असत्य गल्लीत शास्त्र होऊन फिरत आहे. मी पाना मागवला आणि कुंकू लावलेले ते चाक स्वतः आवळले. ती दोघे पाहतच राहिली. मी घरी आलो, आणि लिहायला बसलो.

तेव्हा निःसंदिग्धपणे सांगतो: शास्त्रात असा निषेध नाही. पूजेआधी आवळा, पूजेनंतर आवळा, वाटेत शंका आली तर थांबून आवळा. आणि त्या वळणावरचा दोष वसंताचा नव्हता. माझा होता.

संध्याकाळी तो आपट्याची पाने घेऊन येईल, दरवर्षीप्रमाणे माझ्या पायाशी वाकू लागेल. वाकण्याआधीच मी त्याला थांबवीन, आणि हे सारे सांगेन. पुढे तो काय करील, ते त्याचे.

वाचकहो, आज तुमच्या घरून जे जे बाहेर पडतील ते सारे सुखरूप घरी परतोत. आई रेणुका तुमचे आणि तुमच्या कुटुंबाचे सदैव कल्याण करो.