रेश्माचा रुमाल आणि तालमीतलं लोखंड

बांगड्यांच्या पेटीला तळ असतो ना, तिथं फुटक्या काचा साठत जातात. झटकल्या तरी दोन-चार राहतातच. तालमीतले किस्से माझ्याकडं असेच साठलेत. मला लिहिता येत नाही. मी बोलते आणि नात लिहिते. मधेच म्हणते, "दादी, हे नको लिहूया." तेच मी आधी लिहायला लावते!

तर आटपाट नगर नव्हतं, सांगलीतली एक गल्ली होती. तिथं एक दादी होती, म्हणजे मी, बांगड्या विकणारी. एक नात होती रेश्मा, आईबापाविना वाढलेली आणि अंगानं दांडगी. आणि एक वस्ताद होते. त्यांची तालीम होती, खाली लाल मातीचा हौद अन् माडीवर नवी जिम. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुपारी तिथं बायकांची बॅच नुकतीच निघाली होती.

रेश्माला शाळेत खेळाची बाई व्हायचं होतं. त्यासाठीच्या कॉलेजात शिरायचं तर वजन उचलायच्या स्पर्धेचं सर्टिफिकेट हवं. माझे गुडघे गेलेले, बांगड्या अजून किती दिवस विकणार? म्हणजे हे लोखंड उचललं तरच पुढं आमची चूल पेटणार होती.

* * *

पहिल्या दिवशी वस्तादांनी रेश्माला वरपासून खालपर्यंत बघितलं. पायात ट्रॅकपँट, अंगात लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. आता त्याला हिजाब म्हणतात. तेव्हा आम्ही रुमालच म्हणायचो.

"पोरगी दणकट हाय," वस्ताद म्हणाले. "पण त्यो डोक्याचा रुमाल काढून यायचं."

मी विचारलं, "वस्ताद, वजन हातानं उचलायचं का डोक्यानं?"

"हातानं."

"मग हाताचं तुमी बघा, डोक्याचं ती बघंल!"

वाटेत मी रेश्माला म्हटलं, "एवढी अडचण असंल तर जिमपुरता काढ की." ती थांबली. म्हणाली, "दादी, ह्यो मला कुणी बांधला न्हाई. मग कुणी सोडायचा बी न्हाई."

तेव्हापासून मी तो विषय काढला नाही. दुसऱ्या कुणाला काढूही दिला नाही.

* * *

जिमवाल्यांना रुमाल नको होता, तर आमच्या गल्लीला जिम नको होती! चाँदचाचा मशिदीतून येताना मुद्दाम माझ्या दारात थांबले.

"भाभी, बाईच्या जातीनं लोखंड उचलायचं? शोभतं का?"

"आवं चाचा, तुमच्या घरात गॅसची टाकी माडीवर कोण चढवतं?"

"सून."

"मग ती टाकी काय कापसाची असती व्हय?"

चाचा गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची सून बांगड्या भरायला आली. खरं तर हातभर बांगड्या होत्या तिला. हळूच विचारलं, "दादी, बॅच किती वाजता असती?"

* * *

मी रोज रेश्माबरोबर जायची आणि कोपऱ्यात बसून बघायची. वस्तादांची थोरली सून वसंतीही आमच्या बॅचला होती. व्यायाम साडीवरच, पदर कमरेला खोचून. वस्ताद सहसा दुपारी माडीवर येत नसत. एक दिवस आले. रेश्माला म्हणाले, "पोरी, शेवटचं सांगतोय. रुमाल काढ. कवातरी अडकंल, अपघात व्हईल."

त्या वेळी वसंतीनं वजनांचा दांडा छातीपर्यंत उचललेला. सासऱ्याचा आवाज कानावर पडला आणि बाई सवयीनं दोन्ही हातांनी डोक्यावर पदर घ्यायला गेली.

धडाम!

माडीची लाकडी जमीन हलली. खालच्या हौदातले पैलवान लंगोटावरच रस्त्यावर पळाले. वसंतीचा पाय वाचला तो एका बोटाच्या अंतरानं. ती मात्र पदर नीट घेऊन खाली मान घालून उभी!

मी म्हटलं, "वस्ताद, आमच्या पोरीचा रुमाल बांधलेला हाय. दोनी हात मोकळे. अपघात कुणाचा हुतोय, बघा तुमीच."

वस्ताद जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी वसंती आली ती पंजाबी ड्रेस घालून, अन् डोक्याला रेश्मासारखाच घट्ट रुमाल!

"मामंजींनी आणलाय," म्हणाली.

* * *

रमजान आला. रेश्मा रोजे धरून बॅचला यायची. बायका तिच्यासमोर पाणी प्यायला लाजायच्या, बाटली घेऊन जिन्यात जाऊन बसायच्या. वस्तादांचा दर शनिवारी मारुतीचा उपास असायचा. त्यांनी मोठ्या आपुलकीनं विचारलं, "तुज्या उपासाला काय काय चालतं?"

"काय न्हाई."

"साबुदाणा?"

"न्हाई."

"केळी, दूद? शेंगदाण्याचा लाडू?"

"पाणी बी न्हाई, वस्ताद."

वस्तादांनी कपाळाला हात लावला. "ह्याला उपास म्हणत न्हाईत पोरी, शिक्षा म्हणत्यात!"

मी म्हटलं, "आणि तुमच्या उपासाला आमच्यात जेवण म्हणत्यात!"

* * *

मधेच एक स्थळ आलं, कऱ्हाडकडचं. मुलाची आई खुर्चीत ऐसपैस बसली, बशीत चहा ओतला आणि फुर्रकन ओढत म्हणाली, "पोरगी जिमला जाती म्हणं. लगीन ठरलं की बंद करायला लागंल."

मी बिस्किटांची ताटली पुढं केली.

"बरं, त्ये जाऊ द्या. येतं काय तिला?"

रेश्मा उठली. ओढणी सारखी केली, खाली वाकली, खुर्चीचे पाय धरले आणि बाईला खुर्चीसकट कमरेएवढं वर उचललं! बशीतला चहासुद्धा सांडला नाही. मग हळूच खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे येतं."

स्थळ गेलं. खुर्ची अजून आहे.

* * *

मग साताऱ्याची स्पर्धा आली, जिच्यासाठी सगळा खटाटोप. एसटीनं गेलो. रेश्मा, वसंती, वस्ताद आणि मी. नाव पुकारायच्या आधी पंचांनी रेश्माला अडवलं.

"हे डोक्याचं काढा. नाहीतर घरी जा."

रेश्मा पांढरी पडली. पण हात रुमालाकडं गेला नाही. "मग घरी जाते," म्हणाली आणि पिशवी उचलली.

वस्ताद आडवे आले. वसंतीला हाताला धरून रेश्माशेजारी उभं केलं. "साहेब, दोन रुमाल हायेत. ही माजी सून, ही ह्या दादींची नात. काढायचा तर दोघींचा काढा."

पंच वसंतीकडं बघून म्हणाले, "सुनेचं ठीक आहे. सासऱ्यासमोर घराण्याची रीत असते."

"आवं साहेब," मी मागून ओरडले, "तिच्या सासऱ्याचं घराणं, आणि आमी काय झाडाला लागलोय?"

सगळा हॉल हसला. पंचांनी घड्याळ बघितलं, खिडकीकडं बघितलं, वस्तादांच्या मांडीएवढ्या दंडाकडंही बघितलं.

"चला, चला, उशीर होतोय! पुकारा नावं!"

रेश्माचा पहिला नंबर आला. वसंतीचा दुसरा. वस्ताद एसटीत लहान पोरासारखे रडले आणि कंडक्टरला म्हणाले, "धूळ गेलीया डोळ्यांत."

* * *

कॉलेज झालं. रेश्मा कोयनानगरकडच्या एका शाळेत खेळाची बाई म्हणून लागली. शाळेला लागूनच राहायला दोन खोल्या मिळाल्या. मी बांगड्यांची पेटी माळ्यावर टाकली. शाळेत वजनं आली, रुमालवाल्या अन् बिनरुमालाच्या पोरी रांगेत उभ्या राहिल्या.

एका सकाळी मी ओसरीत चहा घेत बसले होते. तिकडं नेहमी होतं तसं झालं. जमीन गुरगुरली, भांडी खणखणली, कौलं हलली. मी कपबशी घेऊन अंगणात पळाले. बघते तर शेजारची म्हातारी निवांत भाकरी थापतेय.

"आवं, पळा की! भूकंप हाय!"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "भूकंप कसला घेऊन बसलाय? तुमच्या रेश्मानं वजन खाली ठेवलं आसंल!"