गुरुवारची गोळी

गोळ्या घेऊन सिगारेट सोडणं म्हणजे देवावर विश्वास नसणं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. दत्ताच्या पादुकांवर हात ठेवून शपथ घ्यायचो आणि मोडायचो. शेवटी डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेतल्या, तेव्हा देवाच्या नजरेला नजर देववेना. हे कुणाजवळ बोललो नाही. तसा मी बोलतोच कमी.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला, माझी लेक राहते. तिला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच, छाती नाजूक. मी हात पुढे केले तशी लेक हळूच म्हणाली, "अप्पा, शर्टाला वास येतोय. सिगारेट सुटली की घ्या मांडीवर." रागावली असती तर बरं वाटलं असतं. दारातूनच पाहून परतलो, आणि घराजवळ, शिवाजीनगरला बसमधून उतरताच एक पेटवली.

गोळ्यांनी धूर बेचव लागू लागला. पण गोळी काहीतरी खाऊन मगच घ्यायची, आणि वडिलांप्रमाणे मी गुरुवारी दिवस मावळेपर्यंत पाण्यावर असतो. एकदा उपाशीपोटी घेतली तर उलटी झाली. तेव्हापासून गुरुवारी दिवसाची गोळी बंद. डॉक्टरांना सांगितलं नाही. देवळातून निघालो की पाय टपरीकडे वळायचे. उपवास पाळायचो, शपथ मोडायचो.

अशाच एका गुरुवारी मंडपात बसलो होतो. डोळे पादुकांवर, जीव टपरीत. उठणार, तोच शेजारी बसलेल्या एक अनोळखी आजी म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प पाणी आणता का? गुडघे ऐकत नाहीत." पाणी आणून दिलं. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली, कपाळाला लावली आणि केळं सोलू लागल्या.

"उपास नाही तुमचा?"

"आहे की. लग्नाआधीपासूनचा."

"मग ही गोळी?"

"त्याला दाखवूनच घेते. नाही घेतली तर इथेच चक्कर येऊन पडेन. मग आरती सोडून पुजाऱ्यांना मला उचलावं लागेल, आणि माझं वजन बघताय ना?" अर्धं केळं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. "घ्या. तोंड सुकलंय तुमचं."

केळं हातात धरलं. वडील आठवले. मग खाल्लं, आणि खिशात नेहमीच असणारी माझी गोळी घेतली. तल्लफ लगेच गेली नाही, पण आरती संपेपर्यंत मी उठलो नाही. नंतर डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "फराळ करा आणि घ्या."

त्या आजी पुढे कितीदा दिसल्या. आम्ही मान हलवतो, बस्स. त्यांना काय सांगू? देवाने मदत करावी, पण मी ठरवलेल्या वाटेनेच यावं, हा माझा हट्ट त्या दिवशी सुटला. देवाचे हे उपकार मी रोज गोळीआधी हात जोडून मानत आलो.

बऱ्याच महिन्यांनी लेकीने माझ्या खांद्याशी नाक नेलं, आत गेली आणि बाळ आणून मांडीवर दिलं. तल्लफ तेव्हाही आली. पण नात झोपली होती, मला हलता येत नव्हतं. देवा, असंच बसवून ठेव.