पाच नंबरची उशी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता आणि आजही नाही. तेहतीस वर्षं नर्सिंग केलं. शवागाराच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत डबा खाल्ला, डुलक्या काढल्या, एकदाही कोणी हाक मारली नाही. मेलेली माणसं त्रास देत नाहीत, त्रास देतात ते नातेवाईक – असं मी नव्या मुलींना सांगायचे. त्यामुळे हे एवढं एक लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारामागे एक ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. त्याच्याच नर्सिंग स्कूलमध्ये मी दुसऱ्या वर्षाला होते. घर अंबरनाथजवळच्या मोरिवलीत. आमची शेती कारखान्यांत गेली आणि बाबा त्यातल्याच एका कारखान्यात लागले. मुलीने नर्स व्हायचं हे त्यांनीच ठरवलं, मला कोणी विचारलं नव्हतं. दर रविवारी घरून हॉस्टेलला निघताना मी चिडून "जाते" म्हणायचे आणि आई दारातून ओरडायची, "जाते नाय बोलाचा गो, येते बोलाचा." ती सवय अंगात इतकी मुरली की वॉर्डमधून निघतानाही तोंडातून 'येते'च निघायचं.

त्या आठवड्यात आमच्या ट्यूटर मॅडमनी निबंध दिला होता – 'माझं नर्सिंगचं तत्त्वज्ञान'. दोनशे शब्द, शुक्रवारी सकाळी टेबलावर. वॉर्डमध्ये स्टाफ कमी, म्हणून आम्हा विद्यार्थिनींना सलग डबल ड्युट्या लावलेल्या. पायाला गोळे येत होते. बेडपॅन उचलून उचलून माझं जे काही तत्त्वज्ञान झालं होतं, ते मॅडमना दाखवण्यासारखं नव्हतं. खरं सांगायचं तर मी ठरवूनच टाकलं होतं, शुक्रवारी निबंध द्यायचा आणि ट्रंक उचलून घरी जायचं. बाबा काय म्हणायचं ते म्हणोत.

फीमेल वॉर्डमध्ये पाच नंबरला एक सिंधी अम्मा होत्या. अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू पूर्ण गेलेली. पाठ लाल व्हायला लागली होती, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायची. ते काम माझ्याकडे. अम्मा मला 'पुट' म्हणायच्या, म्हणजे लेकरू. मराठी त्यांना जेमतेम कळायचं.

इथे उशीचं सांगायला हवं. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं – उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला हवं. मी डावखुरी, अख्ख्या बॅचमध्ये एकटीच. माझ्या हातून उशी हमखास उलटी पडायची, तोंड दाराकडे. मॅडम राउंडला आल्या की लांबूनच ओळखायच्या, हा पलंग कोणाचा ते. त्या गुरुवारीही दीड वाजता त्यांनी पाच नंबरची उशी स्वतःच्या हाताने सरळ केली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवढं साधं जमत नाही, तर तू नर्स होऊन काय करणार?" मी मनात म्हटलं, नाहीच होणार.

दोन वाजता ड्युटी संपली. मी एप्रन सोडत होते तेवढ्यात अम्मांनी हाक मारली. "पुट, पीठ जल रही है. करवट दे."

कूस बदलायची वेळ झालीच होती. दहा मिनिटांचं काम. पण मी पलंगाशी गेलेच नाही, दारातूनच म्हटलं, "येते हं अम्मा."

"आती है?"

"हो, येते."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी निघण्याचं 'येते' म्हटलं होतं, त्यांनी परत येण्याचं ऐकलं. आणि त्यांनी काय ऐकलं, ते मला कळलं होतं. तरीही मी गेले.

हॉस्टेलच्या खोलीत जाऊन बुटांसकट आडवी झाले, ती साडेसहाला उठले. समोरच्या खाटेवर माझी रूममेट शोभा निबंध लिहीत बसली होती. तिच्याच वहीतून पाच-सहा वाक्यं उचलली. सेवा, त्याग, दिव्याची ज्योत, वगैरे.

शुक्रवारी सकाळी सातला वॉर्डमध्ये गेले, तर पाच नंबरची गादी गुंडाळलेली. आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला झोपेतच गेल्या, म्हणाले. तेवढ्यात इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "ड्युटी संपल्यावर परत आलीस ते चांगलं केलंस. अभ्राही बदललास. पण तोंड परत दाराकडेच? मॅडमनी दुपारीच सांगितलं होतं ना तुला?"

मला वाटलं, त्यांची काहीतरी गल्लत होतेय.

दहाच्या सुमाराला अम्मांची सून कागद घ्यायला आली. रडून रडून डोळे सुजलेले. मला बघून सरळ जवळ आली आणि माझे दोन्ही हात धरले.

"कल तू आई, बहुत अच्छा किया. सासूमाँ दो बजे से दरवाजे को देख रही थीं. मैं बोली, अम्मा, उसकी छुट्टी हो गई, अब नहीं आएगी. सुनती ही नहीं थीं."

"मैं... कब आई?"

"चार बजे होंगे. मैं चाय लेके आई तो तू पीठ मल रही थी. मेरी तरफ तेरी पीठ थी. मैंने चाय का पूछा, तूने गर्दन हिलाई बस. फिर मैं कप धोने गई, उतने में तू चली गई." तिने पदराने डोळे पुसले. "तेरे जाने के बाद अम्मा हँसीं. बोलीं, देखा? बोली थी आती है, आ गई. फिर आराम से सो गईं."

मी तेव्हा सांगायला हवं होतं की ती मी नव्हते. नाही सांगितलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

नंतर सगळ्यांना विचारलं. संध्याकाळच्या पाळीला चाळीस पेशंटना एकच नर्स होती, ती म्हणाली, मला पाणी प्यायला वेळ नव्हता, पाठ कुठली चोळतेय. बॅचमधल्या बाकीच्या मुली दुसऱ्या वॉर्डांत डबल ड्युटीवर होत्या. शोभाला विचारलं, मी झोपेत उठून कुठे गेले होते का? ती म्हणाली, "तू घोरत होतीस. मी जागची हलले नाही, निबंध काय आपोआप झाला?"

मी माझा निबंध फाडला आणि एकच ओळ लिहून दिली – 'येते म्हटलं की यायचं'. मॅडम म्हणाल्या, दोनशे शब्द सांगितले होते. दहापैकी तीन मार्क दिले. ट्रंक मात्र खाटेखालीच राहिली.

पुढे तेहतीस वर्षं पेशंटला 'येते' म्हटलं की गेले. पाय सुजले तरी गेले. परत यायचं नसेल तर सरळ 'जाते' म्हणायचे. ऐकणाऱ्याला ते अशुभ वाटायचं, बरोबरच्या बायका टोकायच्या, आई तर शेवटपर्यंत चिडली. आता गुडघे गेलेत, अंबरनाथ पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर राहते, खाली उतरणंही जिवावर येतं.

मधे कोणीतरी मला म्हणालं, तुझा जीव तिथे अडकला होता, म्हणून तूच गेली असशील. ऐकायला बरं वाटतं. पण माझा जीव कुठेच अडकला नव्हता, मी गाढ झोपले होते. तिथे कोण गेलं, मला आजही माहीत नाही. मी गेले नव्हते, एवढंच माहीत आहे. जी गेली, तिला उशी माझ्यासारखीच लावता येत होती... बाकी ती माझ्यापेक्षा चांगली नर्स होती.