मामाची शुगर बरी झाली

मामा म्हणला, "लिही बिनधास्त, फक्त माझं नाव अन् गाव टाकू नको." म्हणून एवढंच सांगते. गाव ओतूरच्या बाजूला, मी कॉलेजसाठी मामाकडं राहते, अन् मामाला एचआयव्ही हाय. रोज एक गोळी, सरकारी दवाखान्यात फुकट मिळती, तब्येत ठणठणीत. अडचण गोळ्यांची न्हाईच, अडचण जीपची! दर महिन्याला गोळ्या आणायला मामा जीपमधी बसला की अख्खी जीप विचारणार, "कुठं निघालास रं?"

एकदा मामानं सांगून टाकलं, "शुगर झालीय. गोळ्या आणायच्यात."

झालं! जिलेबी न्हाई तर लग्नाला जायचंच कशाला, असा हा माणूस. आता वाढपी त्याचं ताट बघून पुढंच जायचा. "पावणं, शुगर हाय ना तुमाला?" शेजारच्या काकू तर रोज सकाळी कारल्याचा रस घेऊन दारात! समोर उभं राहून पाजायच्या. रातची गोळी चुकली न्हाई अन् सकाळचा रस चुकवता आला न्हाई.

मग गावात तपासणीचं शिबिर आलं. काकूंनीच मामाला ओढत नेलं. बोटातनं रक्त काढलं, शुगर नॉर्मल!

"माझ्या कारल्यानं बरा केला!" काकूंनी सगळी आळी गोळा केली. कुणीतरी मामाच्या गळ्यात हार घातला. "आता कसल्या गोळ्या अन् कसला दवाखाना! बंद!"

हार गळ्यात तसाच घेऊन मामा घरात आला. "सोमवारी गोळ्या संपत्यात. तू शिकलेली ना? दुसरा आजार काढ पटकन."

"मूळव्याध?"

"त्यावर ही बाई काय उपाय करंल, इचार कर जरा!"

"मग प्रेशर?"

मामानं हार उतरवला. "प्रेशरला जिलेबी चालती?"

"चालती की."

सोमवारी जीपमधी मामा म्हणला, "प्रेशर निघालं राव." सगळी जीप हळहळली. दवाखान्यातल्या ताईंना त्यानं सगळं रामायण ऐकवलं, त्या डोळं पुसत पुसत हसल्या. तब्येत चांगली बघून डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदमच दिल्या. म्हंजे तीन महिने जीपच नको! मामा उड्या मारतच घरी आला.

संध्याकाळी काकू पिठलं घेऊन दारात. "आजपासनं मीठ बंद हं!"

मामानं एक घास खाल्ला. गिळला. मग हात जोडून म्हणला, "वैनी, कारलं लई भारी व्हतं हो."