एकादशीची वांगी

त्या एकादशीच्या सकाळी मी वांग्यांच्या सरीत उभी राहून देवाशी चक्क भांडत होते. मार्गशीर्षातली थंडी होती, रान दवानं भिजलं होतं आणि माझ्या झाडांचे शेंडे पिळल्यासारखे वाकडे झाले होते. कोवळी पानं आक्रसून अगदी दोरीसारखी झाली होती. "नारायणा," मी म्हटलं, "पाच वर्षं झाली, या अर्ध्या एकरात औषधाचा थेंब पडू दिला नाही मी. तुझ्या बारशीच्या पंगतीला भाजी देते. आणि रोग धाडायला तुला माझंच रान सापडलं होय?" आमचे मालक बांधावर बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "हळू बोल, देव बहिरा न्हाई." मी त्यांनाही दोन शब्द सुनावले आणि तोडणीला लागले.

आमचं गाव उमापूरच्या अलीकडं. जमीन थोडीच, त्यात कापूस आणि ज्वारी. विहिरीजवळचा अर्धा एकर मात्र माझा. तिथं शेणखत, जीवामृत आणि दशपर्णी, म्हणजे दहा झाडांचा पाला गोमूत्रात कुजवून केलेलं फवारणीचं पाणी, यापलीकडं काही जात नाही. आठवड्यातून दोन दिवस स्कूटीवर क्रेट बांधून मी गेवराईला जाते, घरोघरी भाजी देते. नारायणगडावरच्या नगद नारायणावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. दर महिन्याच्या वद्य एकादशीला गडावर जायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या, बारशीच्या पंगतीसाठी भाजी द्यायची, असा माझा नेम. आता खरं सांगते, या नेमाचा मला गर्व झाला होता. कुणाच्या घरी जेवायला बसले तरी पहिला घास घेण्याआधी विचारायची, भाजी फवारलेली आहे का? माझी नणंद एकदा वैतागून म्हणाली, "वैनी, तू जेवायला येतीस का तपासणीला?" सगळे हसले, मीही हसले, पण मनातून मला ते आवडलं होतं.

पाच दिवसांपूर्वी वांग्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला होता. दशपर्णी तयार होती, पण आमच्या फवारणी पंपाची बॅटरी गेलेली. मालक म्हणाले, "दोन दिवस थांब, दुरुस्त करून आणू." मी म्हटलं, "तुम्ही थांबाल हो, मावा थांबतो का?" शेजारच्या रानातून चुलत दिराचा पंप उचलून आणला, तीनदा पाण्यानं खळखळून धुतला आणि फवारणी उरकली. सर्दीनं नाक गच्च होतं, डोकं जड होतं, तरी काम करून टाकलं याचंच मला कौतुक.

त्या एकादशीला वांगी मात्र झाडावर छान दिसत होती. शेंडे वाकडे असले तरी फळं चकचकीत जांभळी. फवारणीनंतरची ही पहिलीच तोडणी. मी दोन क्रेट भरले, एक गेवराईच्या गिऱ्हाइकांचा आणि एक गडाचा. आमचा बिघडलेला पंप पायाशी ठेवला, वाकडा झालेला एक शेंडा कृषी केंद्रात दाखवायला पिशवीत घेतला आणि निघाले. पहिलं घर एका निवृत्त शिक्षिकेचं. त्यांना सगळे बाई म्हणतात. त्यांचे यजमान, म्हणजे सर, मोठ्या आजारातून नुकते उठलेले. त्या आजारपणातच बाईंनी मला शोधून काढलं होतं आणि तेव्हापासून त्या घरात माझ्याशिवाय कुणाची भाजी शिजली नव्हती. त्यांना दोन किलो वांगी दिली. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "निर्धास्त ना?" मी म्हटलं, "बाई, लेकराला भरवावी अशी आहेत."

कृषी केंद्र बंद होतं. समोरच एक चाचा पंप दुरुस्त करतात. शुक्रवार होता, दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. चाचांनी शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि डोक्यावर टोपी घालून ते निघालेच होते. मी पंप टेकवला तर म्हणाले, "ठेवून जावा ताई, सांजच्याला बघतो." एवढ्यात त्यांची नजर पिशवीतून बाहेर आलेल्या शेंड्यावर गेली. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ताई, हे फवारलं कशानं?"

"दशपर्णीनं. माझ्या रानात औषध नसतं चाचा," मी ठसक्यात म्हटलं.

"औषध न्हाई इचारत मी. पंप कुणाचा व्हता?"

"दिराचा. का?"

"त्यात तणनाशक मारलेलं व्हतं बघा. कपाशीवर लई येळा बघितलंय मी. लोकं पंप धुत्यात अन् मारत्यात, अन् पानं अशी व्हत्यात. नुसत्या पाण्यानं जात न्हाई ते. नळीत, वायसरात दडून बसतं."

मी तिथंच दिराला फोन लावला. "व्हय वैनी," तो म्हणाला, "बांधावरचं गवत मारलं की तुमी पंप नेलात त्याच्या आदल्या दिवशी. पण धुवून ठेवलता मी. कावून?" का विचारते, ते मी त्याला काय सांगणार! न विचारता पंप उचलणारी मी, आणि वास यायला नाक उघडं कुठं होतं माझं! चाचा शटर ओढता ओढता म्हणाले, "मी निघालतोच. तुमी पाच मिनटं उशिरा आला असता तर भेट न्हाई झाली असती." आणि ते मशिदीकडं गेले.

फोन बाईंना लावला, त्या उचलेनात. परत लावला, नुसताच वाजत राहिला. साडेबारा वाजून गेले होते, म्हणजे जेवणाची वेळ. स्कूटी वळवली आणि गर्दीतून निघाले. डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, उठून बसायला लागलेले ते सर आणि त्यांच्या ताटात माझी वांगी. त्याआधी देवाला मी पुष्कळ हिशेब ऐकवले होते, मी हे केलं, मी ते दिलं. त्या रस्त्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना. "नारायणा, माझ्या हातात आता काही नाही, तू बघ," एवढंच म्हणत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यापुढं रिकामी उभी होते.

दारात पोचले तेव्हा घामानं निथळत होते. बाईंनी दार उघडलं. मी विचारलं, "वांगी? वांगी केली का?"

बाई म्हणाल्या, "अगं, आज एकादशी ना! साबुदाणा टाकलाय. वांगी उद्या. आणि तू अशी का दिसतेस? तुझाही उपास असतो ना?"

सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि मी एकादशीच विसरले होते! ज्या एकादशीसाठी मी गडावर निघाले होते, तीच आधी या घरात येऊन बसली होती. मी उंबऱ्याशी मटकन बसले आणि हमसून हमसून रडले. मग सगळं सांगितलं. "बाई, माझ्या वांग्यांत विष आहे," मी म्हटलं. वाटलं होतं, बाई जवळ घेतील. त्यांनी पिशवी आणून माझ्यापुढं ठेवली. "डोळे मिटून विश्वास ठेवला होता गं तुझ्यावर," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. बाकीच्या घरी अजून भाजी द्यायचीच होती. तिथं जाऊन खरं काय ते सांगितलं आणि क्रेट तसाच घेऊन निघाले.

गडावर जावं की नाही, यावर मन खूप अडलं. काय तोंड घेऊन जायचं? तरी गेले. नगद नारायणापुढं उभी राहिले, काही मागितलं नाही, काही ऐकवलंही नाही. मग मागं स्वयंपाकाच्या ओट्याकडं गेले. तिथले म्हातारे सेवेकरी मला ओळखतात. "माऊली, भाजी कुठंय?" त्यांनी विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं, भाजी आहे पण पंगतीला चालणार नाही. का, तेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडं विळी सरकवली. "हात तर आणलेत ना? बसा, भोपळे चिरायचेत." कुणी कुणी आणून टाकलेल्या भोपळ्यांचा ढीग होता. कुणाच्या रानातले, कशावर वाढलेले, असं विचारायला तोंड उघडलं आणि मीच ते मिटलं. तासाभरात माझ्या मनातला ताण असा उतरला की शेजारच्या बायकांबरोबर मी अभंग म्हणायला लागले. माझा आवाज भसाडा आहे, त्यांनी तो गोड मानून घेतला.

घरी आल्यावर मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही क्रेट बघितले, फावडं घेतलं आणि बांधापलीकडं खोल खड्डा खणला. म्हशीलाही घालता येत नव्हती ती वांगी. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी सगळी झाडं उपटली. मी म्हटलं, "थांबा म्हणालता तेव्हा ऐकायला हवं होतं." ते म्हणाले, "ऐकलं असतंस तर तू कसली तू!" आणि पहिल्यांदाच त्या दोन दिवसांत मला हसू आलं.

काही गिऱ्हाइकं सुटली ती सुटलीच. बाईंचं दार महिनाभर बंद होतं आणि त्यांच्या गल्लीतून जाताना मी स्कूटी हळू करत असे, इतकंच. मग एका सकाळी मी भाजी घेऊन उभी होते त्या चौकात त्या स्वतः आल्या. सर सोबत होते, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. बाईंनी मेथीची जुडी उचलली. मी घाईघाईनं सांगायला लागले, की पंप आता फक्त आमचाच वापरते, शेजारच्या रानात फवारणी झाली की तेही सांगते, शिवाय मला माहीत नसलेलं पण बरंच काही असू शकतं, तेव्हा निर्धास्त राहा असं मी म्हणणार नाही...

"अगं, ऐकते की सगळं," बाई म्हणाल्या, "पण आधी जुडी पिशवीत टाक. यांना आज मेथीचीच भाजी हवीय."

मी जुडी त्यांच्या पिशवीत टाकली. ज्यानं चाचांना पाच मिनिटं थांबवलं आणि बाईंना महिन्यानं माझ्याकडं आणलं, त्याच्यापुढं मी भर चौकात हात जोडले. सर मिश्कीलपणे म्हणाले, "नमस्कार नको ताई, मेथी द्या."