एल्म बेंडला आता डॉक्टर नाही

शॉमबर्गहून निघायच्या दिवशी मामा आमच्या आधी गाडीत जाऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी आणि मांडीवर वर्नाबाईंसाठी घेतलेला केशरी पेढ्यांचा डबा. हे पेढे त्यांनी मुद्दाम डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानात जाऊन आणले होते.

मामा निवृत्त डॉक्टर. नेब्रास्का राज्यातल्या एल्म बेंड या खेड्यात त्यांनी तीसेक वर्षं दवाखाना चालवला. मग नातवंडांच्या ओढीने ते आणि मामी मुलीजवळ, शिकागोच्या या उपनगरात राहायला आले. मामी दोन वर्षांतच गेल्या. नातवंडं कॉलेजसाठी लांब गेली. मी सांगलीहून महिनाभर त्यांच्याकडे आलो होतो, तेवढ्यात वर्नाबाईंचा फोन आला. गावातलं एकुलतं एक कॅफे त्या चालवत, आणि ते आता बंद होणार होतं. शनिवारी शेवटचं जेवण. डॉक्टरांनी यायलाच हवं.

"बाबा, वाटेत मला डायरेक्शन्स द्यायच्या नाहीत हं," मामांची मुलगी अनघा गाडी सुरू करत म्हणाली. "जीपीएस आहे."

"त्या जीपीएसला एल्म बेंड माहीत असेल तर शपथ!" मामा म्हणाले.

मिसिसिपी ओलांडली, आयोवातली मक्याची शेतं संपता संपेनात. रात्री हायवेलगतच्या मोटेलात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेब्रास्कात शिरलो आणि हळूहळू झाडं विरळ होत गेली. हीच ती प्रेअरी (गवताळ माळरान). सप्टेंबर सरत आला होता. गवत तांबूस झालं होतं आणि वाऱ्याबरोबर एका अंगाला झुकत होतं. आडवं येणारं काहीच नसल्यामुळे आभाळ थेट जमिनीला टेकलेलं दिसे. समोरून क्वचित एखादा पिकअप ट्रक यायचा आणि आतला माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा.

"नमस्कार केला त्याने," मामा म्हणाले. "इथे ओळख असावी लागत नाही."

दुपारी लांबून ग्रेन एलिव्हेटर (धान्याचं उंच कोठार) दिसलं, आणि मामांनी शर्टाची कॉलर नीट केली.

गाव म्हणजे एक रुंद रस्ता. दोन्ही बाजूंना विटांच्या इमारती, निम्म्यांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. शाळा बंद, पोस्ट सकाळी थोडा वेळ उघडं. मामांच्या दवाखान्यात कुणीतरी बियाण्याची पोती रचून ठेवली होती. काचेला नाक लावून ते आत बघत राहिले.

"तिथे मामी बसायची," मला म्हणाले. "केसपेपर काढायला. ती नव्हतीच तयार गाव सोडायला. मी म्हटलं, अगं, नातवंडं काय पुन्हा लहान होणार आहेत?"

अनघाने त्यांच्या दंडाला हात लावला आणि आम्ही कॅफेकडे वळलो.

आत गर्दी होती, बहुतेक सगळी साठीच्या पुढची. मामा दारात दिसताच "डॉक!" असा गलका झाला. सहा फुटी शेतकरी आमच्या बुटक्या मामांना कवेत घेत होते. वर्नाबाई एप्रनला हात पुसत आल्या आणि आधी मामींसाठी रडल्या. मग माझ्यापुढे चिलीची (राजम्याच्या तिखटसर रश्श्याची) वाटी आणि तिच्या जोडीला दालचिनीचा गोड रोल ठेवला.

"बिनमांसाची आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या मामीसाठी वेगळं पातेलं ठेवायचे, तशीच केलीय."

तिखट आणि गोड एकत्र कसं खायचं, या विचारात मी होतो. वर्नाबाईंनी रोलचा तुकडा चिलीत बुडवून दाखवला. चव चक्क जमली.

मामांचं मात्र जेवणाकडे लक्ष नव्हतं. कोपऱ्यात वर्नाबाईंचे यजमान, डेल, बसले होते. मामांचा इथला सगळ्यात जवळचा मित्र. इतर सगळे उठून आले होते, डेल उठले नव्हते. त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडलेल्या होत्या आणि पाय सुजून बुटांबाहेर आले होते. एक वाक्य बोलायला ते दोनदा दम घेत होते.

मामा त्यांच्यासमोर बसले. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. कापणी होऊ दे, मग बघू."

"झोपतोस कसा?"

"खुर्चीत."

मामांनी मनगट धरलं, थोडा वेळ डोळे मिटले आणि उठलेच. "अनू, गाडी काढ."

"बाबा, ॲम्ब्युलन्सला कॉल करूया ना?"

"ॲम्ब्युलन्स शेजारच्या गावाहून येणार. तोवर आपण अर्ध्या वाटेवर असू."

डेलना आम्ही मागच्या सीटवर टेकवून बसवलं. शेजारी मामा. इस्पितळ तासाभराच्या रस्त्यावर होतं. डेल खिडकीतून बोट दाखवत एकेक शेत कुणी कुणाला विकलं ते सांगत होते. मामा "बोलू नकोस" म्हणत होते, आणि तरी मध्येच विचारत होते, "आणि त्याची आई? आहे अजून?"

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. मामा भराभर सांगू लागले, नाडी, सूज, श्वास. बाईंनी नम्रपणे विचारलं, "आपण पेशंटचे कोण?"

"मी त्याचा डॉ…" मामा थांबले. "मित्र. मी मित्र आहे."

त्या आत गेल्या. मामा प्लास्टिकच्या खुर्चीवर हात गुडघ्यांत घालून बसले. ते एवढे म्हातारे मला त्याआधी कधी दिसले नव्हते.

कॅफेला कुलूप लावून वर्नाबाई मागोमाग आल्या. तोवर निदान झालं होतं. हृदय फार थकलं होतं. दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर पुष्कळ करता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणायला निघाले होते मी," वर्नाबाई म्हणाल्या. "दोनदा. दोन्ही वेळा अर्ध्या रस्त्यातून परत फिरवायला लावली त्याने गाडी. म्हणाला, दर खेपेला नवा चेहरा, दर खेपेला पहिल्यापासून सगळं सांगायचं." मग मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला बोल नाही लावत, डॉक. मुलांजवळ कुणाला जावंसं नाही वाटत?"

वर्नाबाईंनी बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं मला मामांकडे बघून वाटलं.

दुसऱ्या दिवशी डेल उशीला टेकून बसले होते, जरा बरे वाटत होते. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "चार दिवस राहू या का रे?" पण अनघाला सोमवारी ऑफिस होतं. "बाबा, आय कान्ट. पुन्हा येऊ ना आपण, प्रॉमिस." मामांनी मान डोलावली. निरोप घेताना दोघा मित्रांनी नुसतं हस्तांदोलन केलं. पेढ्यांचा डबा वर्नाबाईंच्या हातात देऊन आम्ही निघालो.

परतीचा रस्ता तोच होता, पण मला तो फार लांब वाटला. जाताना ज्या माळाच्या मोकळेपणाचं मी कौतुक केलं होतं, त्यावर राहणाऱ्या माणसाला दवाखाना तासभर लांब असतो, हे आता कळत होतं. गावं एकदम ओस पडत नाहीत. प्रत्येकजण आपापल्या रास्त कारणासाठी निघतो, आणि मागे राहिलेल्याला त्याला अडवताही येत नाही.

मी भारतात परतायच्या आदल्या दिवशी वर्नाबाईंचा फोन आला. डेल गेले होते. मामांनी फोन ठेवला. मग माझ्याजवळ येऊन बसले.

"राहायला हवं होतं रे, सतीश."

मी म्हटलं, "चार दिवसांनी काय झालं असतं, मामा? अनघाचा तरी काय इलाज होता?"

"ते चार दिवस नाही म्हणत मी," मामा म्हणाले. मग म्हणाले, "तेसुद्धा."